नववी फ्लॉपी

थेरगाव, ११ फेब्रुवारी २०२४

चि. बुद्धरत्न यास,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते. बाबा जाऊन दोन महिने झाले. कंपनीने मोडीत काढलेला त्यांचा कॉम्प्युटर तू पिंपळे सौदागरला उचलून नेलास, ते मी गिळलं. पण त्यांच्या पेटीत मला आठ फ्लॉप्या सापडल्यात. वर त्यांच्या अक्षरात आईचं नाव, ‘सोजरची गाणी’, आणि एक ते आठ आकडे. आईच्या गाण्यांची वही वाळवीने खाल्ली. आता उरलंय ते एवढंच.

डांगे चौकात दुरुस्तीवाल्या ज्योतीरामभाऊंना दाखवल्या. ते म्हणाले, मोठी फाईल दाबून लहान केलीय, मग तुकडे पाडून भरलीय. आत काय काय आहे त्याची यादी शेवटच्या तुकड्यावर असते, म्हणून मशीन आधी तोच मागतं. आठवी घातली तरी ते शेवटचीच मागतंय. म्हणजे नववी आहे, आणि ती तुझ्याकडेच असणार. हे दाबणं-उलगडणं बाबांनी तुला मांडीला मांडी लावून शिकवलं. मी चहा घेऊन दारात उभी राहायचे. मला कधी खुर्ची मिळाली नाही. आता नववी मुकाट्याने पाठव.

लोभ असू देच, पण सोबत फ्लॉपीही असू दे.
तुझी ताई,
आम्रपाली

पिंपळे सौदागर, १६ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

नववी माझ्याकडे आहे, पण तिच्यात गाणी नाहीत. चौदा वर्षांचा असताना मीच ती पुसली आणि तिच्यावर गेम भरला. बाबा दर रविवारी गाणी टाइप करायचे, मराठी अक्षर बिघडू नये म्हणून प्रत्येक पानाचं चित्र करून ठेवायचे आणि म्हणायचे, आम्रपालीला आईचा गळा आहे. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. मला तिची एकही ओळ आठवत नाही. तू कपडे वाळत घालताना गुणगुणायचीस आणि मी जवळ आलो की गप्प व्हायचीस. मला वाटायचं, आई तुझ्या एकटीचीच. त्याच जळफळाटात पुसली. बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आठही पाठव. त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मोडकी फाईल दुरुस्त करायची सोय आहे. यादी नसली तरी तो तुकडे चाचपत जातो आणि सापडेल ते बाहेर काढतो. नववीवरचं मात्र गेलं.

रागव, पण लोभ तोडू नकोस.
तुझा,
रत्ना

थेरगाव, ३ मार्च २०२४

चि. रत्ना यास,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

तू छापून पाठवलेली पानं पोचली. वहीतल्या बेचाळीसपैकी एकेचाळीस गाणी आली, एक नाही. कुठलं ते मी लगेच ओळखलं. तुझ्या बारशाला आईने रचलेला पाळणा.

माझ्या बारशाला तिने काही रचलं नव्हतं. तो पाळणा मला पाठ होता, म्हणून तर तू जवळ आलास की मी गप्प व्हायचे. त्यात तुझं नाव होतं, आणि ते माझ्या तोंडून तुला मिळू नये असं वाटायचं. तू एकदाच पुसलंस, मी चौतीस वर्षं तोंड मिटून बसले. तुला कुठल्या तोंडाने रागावू?

लिहून पाठवायला तीनदा कागद घेतला, पण चालीशिवाय त्यात काही राहत नाही. शिवाय खरं सांगते, अजून पोटात दुखतं. तेव्हा येत्या रविवारी बाबांचा कॉम्प्युटर घेऊन ये. मी पाळणा म्हणेन. पण टाइप मीच करणार, आणि दाबून नवव्या फ्लॉपीत कसा भरायचा ते तू मला शिकवायचंस. खुर्चीवर मी बसेन. चहा तू करायचास.

लोभ होताच, आता तो उलगडून ठेव.
तुझी,
ताई