समोरच्या सीटवरचा गंज

सडा टाकून झाला होता, चहाची भांडी विसळून पालथी घातली होती आणि मी परात पुढे घेऊन मेथी निवडत बसले होते. बाहेर हे गाडीची सीटकव्हरं उन्हात झटकत होते. झटकता झटकता म्हणाले, "माय गेली त्याले दोन वर्षं झाले. आता तरी समोर बसत जा वं. मी का तुया ड्रायवर आहो?" मी म्हटले, "मले मेथी निवडू द्या." एवढेच. त्या सकाळी दुसरे काही घडले नाही.

ती. सुहासिनीताई, नमस्कार आधी करायचा असतो हे मला कळते, पण आज डोक्यात हेच आधी आले, तेव्हा नमस्कार इथे घ्यावा. गुडघे कसे आहेत? खाप्याला थंडी पडली असेल, तेल कोमट करूनच लावावे. मी बरी आहे. तुमच्या भावाला जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. जेवते, झोपते, वाचनालयातून पुस्तक आणते आणि चहा अजून दोन कप ठेवते (दुसरा दुर्गेशला देते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही). फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि मग मला माझे म्हणणे सापडत नाही.

तर दुर्गेश नवी गाडी घेतो आहे आणि जुनी बदल्यात देतो आहे. "आई, तूच बसून पसंत कर," म्हणाला, म्हणून वर्धा रोडच्या शोरूमला गेलो. मी सोबत गंज घेतला, रोडग्यांचे वरण शिजवायचे आपले ते मोठे पातेले. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या गाडीत समोर सासूबाई बसत, तो थोरल्यांचा मान. त्या गेल्यावर मी काही मागची जागा सोडली नाही आणि रिकामी सीट ह्यांना बघवेना, म्हणून दरवर्षी देवळात गोवऱ्यांवर रोडगे भाजायला जाताना वरणाचा गंज समोर बसू लागला. मग नवी गाडी गंजाशिवाय कशी पाहायची? दुर्गेश म्हणाला, "आई, लोकं पाहून राहिले." मी म्हटले, पाहू दे, रिकामाच आहे.

आधी लाल गाडी. हिची सीट इतकी मऊ की बसले ती रुतलेच. उतरताना दुर्गेशने एक हात ओढला आणि शोरूमच्या हर्षा नावाच्या मुलीने दुसरा. डोके टेकायची उशी नेमकी अंबाड्यावर येते, त्यामुळे सगळा प्रवास स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत करावा लागतो. पांढरीची सीट जरा कडक, बँकेतल्या बाकासारखी, पण पायांपाशी एवढी जागा की परात ठेवून मेथी निवडावी. दार मोठे, पायरी ठेंगणी. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने मागे बसावे तर पांढरीतच. (दोन्ही माहितीपत्रके मी चष्मा लावून अखेरपर्यंत वाचली. अंबाड्याबद्दल एक अक्षर नाही.)

पांढरी चालवून बघायला निघालो. दुर्गेश चालवायला, समोर गंज, मागे मी आणि हर्षा. दहा पावले गेलो नाही तोच गाडी टुंईं टुंईं करू लागली. हर्षा म्हणाली, "काकू, वजन ठेवलं का ते माणूसच समजते. गंजाले पट्टा लावा लागते." लावला. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला आत डोकावला, गंजाला पट्ट्यात बघून त्याने आपले हेल्मेट नीट केले.

परत येताना हर्षा म्हणाली, "काकू, एकडाव समोर बसून तर पाहा. सीट तुमचीच राहते नं ती." मी म्हटले, माझी नाही बाई, गंजाची. पण मुलीने दुर्गेशला गाडी थांबवायला लावून गंज मांडीवर घेतला. मग बसावे लागले.

ताई, समोरून सगळा रस्ता दिसतो. झाडे, पाट्या, माणसे आधी लांबून येतात आणि मग जवळून जातात. मागून मी इतकी वर्षे ह्यांचे कान पाहिले आणि न्हाव्याने मानेवर कुठे चूक केली ते पाहिले. हे मात्र दर खेपेला हा रस्ता एकटेच बघत होते, शेजारी रिकामी सीट नाहीतर गंज घेऊन. मी हर्षाकडे पाणी मागितले. दुर्गेशने गाडी जरा हळू घेतली.

उतरल्यावर त्याने विचारले, कोणती? मी म्हटले, उद्या सांगते. जुनी द्यायची म्हणजे ती रिकामी सीटही द्यायची, आणि तिथे मी एकदाही बसलेली नाही.

दुर्गेशची भूमिका तुम्हाला वाकून नमस्कार सांगते (सून चांगली आहे, वाकतेही). तब्येत जपा.

तुमची,
मनकर्णा

ता. क. रोडग्यांना यायचेच आहे. दुर्गेश घ्यायला येईल.

आणखी एक. आता घरात थोरल्या तुम्ही, समोरचा मान तुमचा. पण पांढरीची मागची सीट किती आरामाची आहे हे मी वर एवढे लिहिले ते उगीच नाही. या वर्षी मला समोर बसू द्या. गंज तुमच्या शेजारी ठेवू, पट्टा लावून.

शेवटचे. पत्र काल पाकिटात घालायचे राहिले. आज सकाळी दुर्गेश जुनी गाडी शोरूमला द्यायला निघाला. मी मेथी परातीत तशीच ठेवली, हात पुसले आणि वर्धा रोडपर्यंत तिच्यात समोर बसून गेले.