चिमट्याची दोरी

ता. ६ जुलै

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

यंदा तिसरीचा डिझाइनचा तास माझ्या गळ्यात पडलाय. मुलांनी एका खऱ्याखुऱ्या माणसासाठी वस्तू बनवायची. आधी त्याची अडचण विचारायची, मग चित्र काढायचं, वस्तू करायची आणि शेवटी त्याच्याकडूनच ती तपासून घ्यायची. हे गिऱ्हाईक म्हणून मी तुमचं नाव देऊन बसले आहे, रागावू नका. घड्याळं दुरुस्त करणारे, एकटे राहणारे आजोबा म्हटल्यावर वर्ग खूश झाला. मुलं विचारतात, घरात कोणतं काम अवघड जातं?

उत्तर खरं द्या. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची ठमी

ता. १२ जुलै

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या गावातले म्हातारे संपले का? इतक्या लांबचा मीच कसा सापडलो? मला दाट संशय आहे की शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी तुला काहीतरी कळवलंय. हल्ली त्या सुई मागायला येतात आणि माझ्या हातांकडे बघत बसतात. शिवणवालीच्या घरात सुई नाही, हे तुला तरी पटतं का? दादाने मला तिकडे हलवायचा विषय काढला होता, तोही माझ्या लक्षात आहे. दोघं मिळून काही शिजवत असाल तर आत्ताच सांग.

मला काहीही अवघड जात नाही. मुलं अगदीच हिरमुसली तर सांग, खाली पडलेली वस्तू वाकून उचलायचा कंटाळा येतो. पत्र टाईप केलंय, कारण यंत्र वापरलं नाही की गंजतं.

आशीर्वाद आहेतच, चौकशा जरा कमी कर.

बाबा

ता. ३० जुलै

ती. बाबांस, शि. सा. न.

कुणी काही कळवलेलं नाही. बाईंचा पत्ताही माझ्याकडे नाही. पण इतकं रागावण्यासारखं मी काय विचारलं, ते काही मला कळेना.

मुलांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा लांब चिमटा केलाय. दोरी ओढली की तोंड मिटतं. त्याचं चित्र या पत्रासोबत आहे, चिमटा पार्सलने वेगळा येईल. पार्सल मुलांनीच बांधलं आणि चिकटपट्टीचं अख्खं रीळ संपवलं. वापरून बघा आणि चुका काढा. तुमच्या रागासकट तुम्ही मला हवे आहात.

ठमी

ता. ११ ऑगस्ट

चि. ठमीस, आशीर्वाद.

चिमटा उत्तम. दोरी ओढली की तोंड झटकन मिटतं. पेन, चष्म्याचं घर, वर्तमानपत्र, सगळं उचललं. एकही चूक नाही. दहापैकी दहा. मुलांना शाबासकी दे आणि आता दुसरं गिऱ्हाईक शोध.

बाबा

ता. १८ ऑगस्ट

ती. बाबांस, शि. सा. न.

बाबा, तुम्ही आणि दहापैकी दहा? माझ्या लग्नातल्या फोटोग्राफरला तुम्ही अजून नावं ठेवता. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तरी मी तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. आमच्याकडे एक मुलगी आहे, वाद घालते म्हणून सगळे तिला वकिलीण म्हणतात. ती उठली, डिंकाच्या डब्यातून दोरी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. चिमट्याला दोरी ओवायची राहूनच गेली होती. तिने मला विचारलं की आजोबांनी पार्सल उघडलं तरी आहे का.

 मला तुमचा राग आला. मग भीती वाटली. पत्रं टाईप करून का येतात? हातांचा विषय निघाला की तुम्ही बाईंवर का घसरता? दादा म्हणतो, येत्या रविवारी गाडी घेऊन जाऊ आणि बाबांना इकडेच आणू. मी त्याला थांबवलंय, पण तुमच्या उत्तरापुरतंच. आता तरी माझ्याशी खरं बोला.

ठमी

ता. २३ ऑगस्ट

चि. ठमीस, आणि तिसरीच्या सगळ्या मुलांना आशीर्वाद.

वकिलीणबाईंचा संशय बरोबर आहे. पार्सल उघडलं नव्हतं. ती चिकटपट्टी माझ्याच्याने निघेना. कात्री धरली तर हात इतका थरथरला की भीती वाटली. म्हणून चित्र बघून पत्र लिहिलं आणि त्यात दोरी होती. टाईप एका बोटाने होतं, पेन धरवत नाही. ज्या हातांनी घड्याळातले केसाएवढे स्क्रू बसवले, त्यांचं हे मला कुणाला सांगायचं नव्हतं.

काल शिवणवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी पार्सल उघडलं, तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. त्यांनी आपल्याकडची दोरी ओवून दिली. त्यांच्याबद्दल मी वाईट लिहिलं, ते मागे घेतो.

आता खरी तपासणी. दोरी ओढायला जोर लागतो, तो माझ्याकडे नाही. मूठ बारीक आहे, हातातून निसटते. पेन उचललं जातं, चष्म्याचं घर पडतं. दहापैकी तीन.

चिमटा राहू दे. माझी खरी अडचण दाराची कडी आहे. ती घट्ट आहे, बोटांत धरता येत नाही; कधी निघते, कधी तासभर निघत नाही. मुलांनी आधी तिचं काहीतरी करावं. दादालाही हे पत्र दाखव. न्यायचं की नाही, ते मला समोर बसवून ठरवा.

ठमे, मे महिन्यात तू न कळवता आलीस, दार वाजवून परत गेलीस आणि मी फिरायला गेलो होतो असं तुला कळवलं. मी आतच होतो. कडी निघेना आणि हाक मारायची लाज वाटली. तुझी पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत मी दाराला टेकून उभा होतो.

पुन्हा येशील तेव्हा दार वाजव आणि थांब. मी हाक मारेन.

तुझे बाबा