गुडघे बरे झाले म्हणाली होतीस

लाखनी, १४ डिसेंबर

प्रिय आई,

तू गेल्यापासून चार महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. डायरी उघडायचे, तारीख टाकायचे आणि मिटायचे. आज मात्र रागावून लिहिते आहे.

काल कोंढ्याला, तुझ्या घरी, तुझी पेटी आवरली. लुगड्यांच्या घडीत दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, बहुतेक रिकामी. वहिनी खाली बघत म्हणाली, "ताई, तुम्ही येणार त्या रविवारी आई सकाळीच दोन गोळ्या घेत होत्या. मले शपथ घातली होती, तुम्हाले सांगायचं नाही म्हणून."

म्हणजे अंगणभर चालून दाखवलंस ते गोळ्यांवर? "बघ न, कशी चालून राहिली मी! तुझ्या डॉक्टरले सांग, यंदा धानाच्या रोवणीले येते म्हणा!" आणि मी खुळ्यासारखी हसले. डायरीत लिहिलं, 'आईचे गुडघे बरे.' मी बसमध्ये बसले की तू वहिनीचा खांदा धरून घरात जायचीस म्हणे!

नागपूरला तुझं रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, त्यातला पिवळसर भाग गुडघ्यांत टोचला, तेव्हा तू म्हणालीस, "माहंच रगत मलेच देऊन राहिले, मंग यायनं काय केलं?" डॉक्टरही हसले. पण या गोळ्या सध्या घेऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं ना? एकदा तरी 'दुखते' म्हणायचं होतंस! मी काय परकी होते?

पण खरं तेही लिहायला हवं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "काहींना आराम पडतो, काहींना नाही." तुला मी पहिलं अर्धंच सांगितलं. आणि दर रविवारी विचारायचे काय, तर "आता बरं आहे ना?" 'नाही' म्हणायला तुला जागा कुठे ठेवली होती मी?

तरीही आई, फसवलंस तू मला.

आणि हे आपल्या दोघींपुरतं राहिलेलं नाही. मोहाडीची मावशी, तुझी धाकटी बहीण, उद्या तेच इंजेक्शन घ्यायला निघाली आहे. म्हणते, "मोठ्या बाईले गुण आला, मले काहून नाही येणार?" येईलही. पण तुला आला असं समजून तिनं जाऊ नये.

तिला दोन्ही सांगेन, तू लपवलेलं आणि मी गाळलेलं. सगळं तुझ्या एकटीच्या माथी मारणार नाही, हा शब्द.

तुझी,
सुनी

उद्या: मावशी बसमध्ये बसण्याआधी तिला फोन.