सावळेराम हाकेला ओ देत नाही

मु. पो. पेठ, ता. आंबेगाव
रविवार, सकाळ

ती. स्व. ठमाआक्कास,

धाकट्या सुभाषचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (मान धरली आहे, त्यामुळे नमस्कार जरा तिरका पडेल, तो गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत, भावजींचा खोकला कमी झाला का, लोणीला कांदा काढून झाला का, सगळं कळव. हे फोनवरही विचारता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि माझ्या घरातली भानगड मला नीट समजायच्या आत लोणीच्या पारावर पोचते. म्हणून दूधवाल्या गोकुळच्या टेम्पोबरोबर हा कागद पाठवतो आहे. एकटी असताना वाच.

इकडे तुझ्या कृपेने सगळं अवघड आहे. (कृपा हा शब्द टोमणा म्हणून घातला आहे.) गेले पाच महिने आमच्याकडे अक्षदाताई नावाची एक मुलगी दर पंधरा दिवसांनी गुरुवारी येते. कुठल्याशा संस्थेची आहे. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्या घरी जायचं आणि मुलाशी कसं खेळावं, कसं बोलावं, काय भरवावं ते आईबापांना दाखवायचं, हे तिचं काम. मी आधी म्हटलं, गोरखला आम्ही काय पुस्तक बघून वाढवला? पण ती आली, फरशीवर बसकण मारली आणि अर्ध्या तासात माझा टीव्ही बंद करून गेली. तेव्हापासून नातवाशी दिवसभर बोलायचं, हातात जे काम असेल ते त्याला सांगत राहायचं, असा हुकूम आहे. मी दाढी करताना ‘आता आबा साबण लावतात, आता आबांना कापलं’ असं आरशात बघून बोलत होतो, ते गोकुळने खिडकीतून ऐकलं आणि मोहिनीला विचारलं, “वैनी, भाऊंना बरं न्हाई का?” तेव्हापासून तो मला हळू आवाजात रामराम करतो. खेळणी विकत आणू नका, घरातलीच भांडी द्या, असाही हुकूम आहे. त्यापायी मोहिनीचं लाटणं पाण्याच्या टाकीत गेलं आणि आम्ही दोन दिवस भात खाल्ला.

हे सगळं मी सोसलं. पण गेल्या भेटीत ताईने बाळाच्या पाठीमागे बसून त्याला नावाने हाक मारली. तिच्या वहीत दवाखान्यातल्यासारखं ‘बेबी ऑफ आरती’ एवढंच होतं, म्हणून मीच छाती फुगवून नाव सांगितलं होतं. ती म्हणाली, “सावळेराम!” पोरगं पातेल्यावर झाकण ठेवत होतं, ते ठेवत राहिलं. तीनदा हाक मारली, तीनदा झाकण. खुळखुळा वाजवला तर लगेच वळला. ताई म्हणाली, दीड वर्षाच्या मुलाने नावाला वळून बघायला हवं, घरात याला याच नावाने हाक मारता ना? आणि आक्का, मी हो म्हणालो. मोहिनी हो म्हणाली. आरतीनेही मान हलवली. ताईने वहीत लिहिलं, पुढच्या भेटीत, म्हणजे या गुरुवारी, पुन्हा बघू, तेव्हाही वळला नाही तर पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तेव्हापासून आरती नीट जेवत नाही आणि आळीत बातमी आहे की सुभाषचा नातू बहिरा आहे.

आता खरं ऐक. गोरखला बहीण नाही म्हणून बारशाला आत्याचा मान तू घेतलास, पाळण्यात वाकून कुर्र केलंस आणि “आमच्या दादांचं नाव चाललंच पायजे” म्हणून सावळेराम ठेवून संध्याकाळी लोणीला निघून गेलीस. मागे उरलो आम्ही. मोहिनीने सासऱ्यांचं नाव जन्मात घेतलं नाही. ती म्हणते, “मामंजींचं नाव मी तोंडानं घिऊ? जीभ झडंल माजी.” ती त्याला मामंजीच म्हणते. (‘मामंजी, शी झाली का?’ हे मला रोज ऐकावं लागतं.) गोरख कंपनीतून आला की पिल्लू म्हणतो. आरती आमच्यासमोर नुसतं बाळा म्हणते. आणि मी दादा म्हणतो, कारण त्या नावाच्या माणसाला मी दुसरं काही म्हटलेलंच नाही. सावळेराम म्हणून त्याला आजवर कोणी हाक मारली असेल तर ती त्या ताईने.

काल मी दार लावून सराव केला. ‘सावळेराम’ म्हटलं, ते फार उद्धट वाटलं, म्हणून पुढे राव लावलं. पोरगं वळलं नाही. मोहिनी मात्र सासरे आल्यासारखा डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि दार किलकिलं करून आड उभी राहिली. मला दादांची फार आठवण आली.

तेव्हा आक्का, उद्याच ये. दादांचं नाव खणखणीत घेणारी घराण्यात तू एकटीच उरली आहेस. गुरुवारपर्यंत राहा आणि त्याला उठताबसता हाका मार.

तुझा,
सुभाष

ता. क. : गोकुळ कागद न्यायला आला, पण मी त्याला थांबवलं आहे. टेम्पो मागे घेत होता, पोरगं पायरी उतरून तिकडेच निघालेलं. मी ओरडलो, मोहिनी ओरडली, कोणाचा उपयोग झाला नाही. तेवढ्यात आतून आरती किंचाळली, “शौर्य!” पोरगं जागच्या जागी थांबलं, वळलं आणि तिच्याकडे बघून हसलं. आरतीने धावत येऊन त्याला उचललं आणि मग मला बघून पांढरीफटक पडली. जन्मदाखल्यावर शौर्य आहे म्हणे. मी दाखला कधी पाहिलाच नव्हता. नवराबायको खोलीत तीच हाक मारतात. मी चिडून विचारलं, मग ताईसमोर का बोलली नाहीस? ती म्हणाली, “तुमी हो म्हणालात आबा, मग मी कशी न्हाई म्हणू?” आक्का, मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

ता. क. २ : तरी तू ये. बाळाला मांडीवर घे आणि त्याच्या कानात शौर्य म्हणून पुन्हा एकदा कुर्र कर. तुझ्या तोंडून आलं की मोहिनीलाही ते नाव घेता येईल.

ता. क. ३ : वर उद्याच ये असं लिहिलं आहे, ते खोडलेलं समज. गुरुवारी मी अक्षदाताईला खरं काय ते सांगणार आहे. तू शेजारी बसलेली असलीस तर मी पुन्हा हो म्हणेन. शुक्रवारी ये.