चूळ भरायचं औषध आणि लग्नाचं वरण

आबा, आज माझं वरण खारट झालं. नवऱ्यानं दोनदा पाणी मागितलं, लेकीनं भातावर भात घेतला, आणि मी आपली विचारतेय, "मीठ जरा कमीच पडलं ना?" तशी लेक जी हसत सुटली, ती थांबेचना. मला तुमची इतकी आठवण आली की घास हातातच राहिला.

करमाडपासून दौलताबादपर्यंत लग्नाच्या पंगती वाढणारे तुम्ही आचारी. पळीतला वरणाचा थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "मूठभर अजून." माझ्या लग्नाचा स्वयंपाकही तुम्हीच करणार होतात. मुलीच्या बापानं मांडवात बसायचं असतं, असं आई म्हणाली तर तुम्ही उसळलात, "बसून काय करू? माझ्या लेकीच्या पंगतीला दुसऱ्याच्या हातचं मीठ? नाय जमायचं." आणि लग्न महिन्यावर आलेलं असताना एका बारशाला तुमचं वरण लोकांनी पानात तसंच टाकलं. घरी येऊन तुम्ही चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलंत. "लागंना गं माय. जीभच मेली वाटतं." असा घाबरलेला चेहरा तुमचा मी कधी पाहिला नव्हता. मीही घाबरले.

तेव्हा मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, म्हणून मोरीच्या फळीवरची गुलाबी बाटली माझ्या नजरेत भरली. डॉक्टरांनी हिरड्या साफ करून दोन आठवड्यांपुरतं चूळ भरायचं औषध दिलेलं, ते तुम्ही बाटल्यांवर बाटल्या आणून दोन महिने सकाळ-संध्याकाळ चालवलं होतं. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणालात, "तंबाखूचा वास येतो बाई तोंडाला. व्याह्यांशी जवळ बसून बोलावं लागतंय ना." वास गेला खरा, पण ते औषध आणि तुमचा दिवसभरचा चहा यांनी मिळून दात पार तपकिरी करून टाकले होते! मी आधी रागावले, मग आपण दोघं इतके हसलो की आई अंगणातून धावत आली.

"समदे जंतू मेले, मग मीठ चाखणार कोण?" हे तुमचं शास्त्र. मी समजावलं, आबा, मीठ जंतूंना नाही, जिभेला कळतं. औषध जिभेवर चिकटून राहतं आणि खारट चव दाबून टाकतं. "म्हंजी जंतू बिचारे उगाच बदनाम," तुम्ही म्हणालात आणि बाटली मोरीत ओतलीत.

त्याच्या आधी मी तुमच्या जिभेवरून कापूस फिरवून घेतला होता आणि कॉलेजात जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत लावला होता. आठ दिवसांनी पुन्हा तसंच केलं आणि दोन्ही बशा दाखवायला तुम्हाला नेलं. पहिलीत जंतूंचे चार-दोन ठिपके, दुसरी काठोकाठ भरलेली. माणसं हे बघून नाक मुरडतात. तुम्ही चक्क हात जोडलेत. "आली की परत! सांजच्याला शेरडं घरला येत्यात तशी." तुमचं लहानपण शेरडांमागं गेलेलं, तुम्हाला दुसरं काय सुचणार! त्याच आठवड्यात एका सकाळी चुलीपासून आरोळी आली, "लागलं! मीठ लागलं!" आईनं देवापुढं साखर ठेवली.

लग्नाच्या दिवशी मी हळदीच्या अंगानंच मांडवामागं आले. तुम्ही घामाघूम. तुम्ही वरणाचा थेंब तुमच्या नाही, माझ्या तळहातावर टाकलात. "बघ." मी चाटला. तसलं वरण पुन्हा कुठं मिळालं नाही, आणि तेवढा आनंदही फार वेळा नाही.

आता मी कॉलेजात मुलांना हेच शिकवते. जंतूंची बाजू घ्यायची तुमची खोड माझ्यात उतरलीय. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे काही जंतू पालेभाजीतून आलेलं काहीबाही असं बदलून देतात की त्यानं रक्तवाहिन्या सैल राहतात. कडक औषधानं रोज चुळा भरल्या तर तेही बिचारे मरतात. तुम्हाला हे ऐकून लई बरं वाटलं असतं. "औषध डॉक्टरनं सांगितलं तेवढेच दिवस," असं मी वर्गात टेबलावर हात आपटून सांगते.

गेल्या महिन्यात माझ्याही हिरड्या साफ केल्या आणि हातात तीच गुलाबी बाटली आली, दोन आठवड्यांच्या बोलीवर. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला एकट्याला सांगते. ते दोन आठवडे कधीच संपले, आबा. आज सकाळीसुद्धा मी दार लावून चूळ भरली. रविवारी लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं यायचीत. व्याह्यांशी जवळ बसून बोलावं लागतंय ना.