ओढ्याची एकच शिंदी

नांदूरघाट, ८ मार्च २०२६

सौ. उज्ज्वलाअक्का हिस,
धाकट्या धर्मराजचा प्रभूत सलाम, वि. वि.

गुडघा कसा हाय? तेल लावत नसशील, मला ठाऊक हाय.

झावळ्यांचा रविवार तीन आठवड्यांवर आलाय. आपल्या लहानपणी ओढ्याला नऊ शिंद्या होत्या. आता एकच उरली. बाकीच्या मीच मारल्या, अक्का. तीस वर्षं आपल्या देवळातल्या मंडळीसाठी झावळ्या मीच काढल्या. पिवळी, कवळी झावळी मिरवणुकीत शोभते म्हणून थेट शेंड्यातला कोंभ ओढायचो. कोंभ गेला की शिंदी वाळते. देवाच्या नावानं चाललंय म्हणून मागं वळून बघितलंच न्हाई.

पाळकसाहेब म्हणतात, यंदाही तुम्हीच आणा. न आणावी तर दरसाल तुझ्या दारासाठी धाडतो तो झावळीचा क्रूस चुकतो. आजवर एकदाही चुकला न्हाई. काय करू?

तुझा,
धर्मराज


बीड, १४ मार्च

चि. धर्मराज यास अनेक आशीर्वाद.

झाड मारून केलेला क्रूस माझ्या दाराला नको. गेल्या वर्षीचा वाळून खडंग झालाय, पण पडला न्हाई. मीपण पडले न्हाई. मार्काचा अकरावा अध्याय काढ. येशूच्या वाटेवर लोकांनी रानातल्या डहाळ्या अंथरल्या, शिंदीच पाहिजे असं कुठंय? फारच वाटलं तर घरातली केरसुणी ने, तीपण शिंदीचीच की.

मंडळीला खरं काय ते सांग. तीस वर्षं गप्प राहिलास तेवढं पुरे.

तेल लावते रे.

तुझी अक्का


नांदूरघाट, ३० मार्च

प्रिय अक्का,
सलाम.

उपासनेत उभा राहून सगळं कबूल केलं. पाळकसाहेब म्हणाले, मीपण कधी विचारलं न्हाई.

काल ज्यानं त्यानं आपल्या दारच्या लिंबाची डहाळी आणली. तुझी चेष्टा मी खरी धरली आणि केरसुणी घेऊन गेलो. पोरं फिदीफिदी हसली. शेजारची छबुबाई म्हणाली, मिरवतोस काय दादा, झाड की. माझ्या हातातनं घेतली आणि मिरवणुकीपुढं वाट झाडत निघाली. देवळाच्या दारात थांबलीच न्हाई, झाडत झाडत थेट ओढ्यावर गेली. मंडळी मागोमाग. शिंदीखाली गुटख्याच्या पुड्यांचा खच पडलेला. तो सगळ्यांनी उचलला, मग तिथंच प्रार्थना झाली. वर सुगरणीची चार घरटी लोंबत होती. मला ती पहिल्यांदाच दिसली.

त्याच केरसुणीच्या चार पात्या भिजवून तुझा क्रूस विणलाय, पाकिटात हाय. थोडी माती लागलेली असंल. पुसू नको, आपल्या ओढ्याची हाय.

माया हाय तशीच राहू दे.

तुझा,
धर्मराज