काकवी, सिगार आणि वेखंड

॥ श्री ॥
कोपरगाव,
१२ जानेवारी २०२५

चि. मधुवंती हिस नानाकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच थांबवलं असतंस, आणि मला अलीकडे ऐकूही कमी येतं. म्हणून लिहितो.

गहिनीनाथ टेम्पो घेऊन नगरला येतो आहे. त्याच्याबरोबर एक डबा आणि काकवीची बाटली दिली आहे. डब्यात क्युबातली सिगार आहे. कारखान्याने मला तिकडचे साखर कारखाने बघायला पाठवलं होतं, हे तुला ठाऊक आहे. निघताना तिथल्या केमिस्टने तीन सिगार हातात ठेवल्या आणि रमबरोबर घ्यायला बजावलं. पहिली मी निवृत्त झालो त्या संध्याकाळी गच्चीवर ओढली. रम आपल्या घरात नाही, म्हणून चहाबरोबर. जोड जमली नाही. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. तेव्हा डोक्यात आलं, रम तरी कशाची? उसाच्या मळीचीच. मग आपली काकवी काय वाईट? त्यासाठी दुसरी राखली, ती किड्याने खाल्ली. तिसरी राखली, तर करोनाच्या तापात माझं नाकच गेलं. आता मला काकवी म्हणजे नुसतं गोड, आणि सिगार म्हणजे गरम हवा.

म्हणून माझ्यासाठी तू ओढ. तू शाळेत जाऊ लागायच्या आधी डोळे मिटायला लावून तुला मसाल्यांच्या वाट्या हुंगवल्या, ते नाक मला एकदा उसनं दे. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. पेटवताना ज्योत टेकवायची नाही, आधी नुसती धग दाखवायची. घाई केलीस तर कडू होईल. मधूनमधून काकवीचा घोट घे. मग जे जसं लागलं तसं लिही. चांगलं लिहू नकोस, खरं लिही.

तुझ्या बाबाला कळवायची गरज नाही. काकूला माहीत आहे. डबा तिनेच बांधून दिला.

म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून हसून घे, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
नानाकाका


॥ श्री ॥
सावेडी, अहिल्यानगर,
१९ जानेवारी २०२५

ती. नानाकाका यांस,
मधुवंतीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

डबा पोचला. तो आल्यापासून मला स्वतःच्याच खोलीत चोरासारखं वाटतं आहे. कपाटात स्वेटरच्या मागे ठेवला आहे, अजून उघडलेला नाही. घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात आणि माझ्या फोडणीत मोहरी जास्त झाली तरी खाली येऊन सांगतात. सिगारचा धूर वर गेला तर त्यांना मी काय सांगू?

शिवाय तुम्हाला एक सांगितलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत तंबाखूमुक्तीची शपथ झाली, ती सगळ्यांच्या पुढे उभं राहून मीच वाचली होती. माझा आवाज स्पष्ट आहे म्हणून मला सांगितलं. आता तो आवाज आठवला की कान गरम होतात.

तरी मी करणार आहे. तुम्ही माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. माझ्याबरोबर काम करणारी रेश्मा मिरजगावची. तिला सांगावं की नाही यात चार दिवस घालवले, शेवटी सांगून टाकलं. ती हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. तिचं घर शेतात आहे, शेजार लांब. नऊ फेब्रुवारीच्या रविवारी तिच्याबरोबर जाईन.

काकवी गार घ्यायची की कोमट? राख झटकायची की आपोआप पडू द्यायची? कृपा करून काकूच्या फोनवरून निरोप द्या, म्हणजे माझ्याकडून चूक व्हायची नाही.

काकूला नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.

आपली,
मधुवंती


॥ श्री ॥
सावेडी, अहिल्यानगर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. नानाकाका यांस,
मधुवंतीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आपण सांगितल्याप्रमाणे प्रयोग पार पडला. सिगार अत्यंत उत्तम अवस्थेत होती.

सुरुवातीच्या भागात देवदाराचा मंद सुगंध आणि पाठोपाठ भाजलेल्या बदामाची चव जाणवली. मधल्या भागात कोको आणि जुन्या चामड्याची खोली होती. अखेरीस मिऱ्याची हलकी चुणूक येऊन चव बराच काळ जिभेवर रेंगाळली. काकवीशी जोड अप्रतिम जमली. काकवीमुळे धुराला गोलाई येते आणि धुरामुळे काकवीला भारदस्तपणा. आपला तर्क पूर्णपणे खरा ठरला.

रेश्माच्या घरची मंडळी चांगली आहेत. सध्या कामाची गडबड असल्यामुळे थोडक्यात लिहिते आहे, राग नसावा.

लोभ आहेच, तो तसाच राहावा ही विनंती.

आपली,
मधुवंती


॥ श्री ॥
कोपरगाव,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. मधुवंती हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. सगळा वास नाकासमोर उभा राहिला. माझ्यासाठी तू संकोच सोडून एवढं केलंस, याची मला जाण आहे.

इकडे यंदा ऊस कमी, हंगाम लवकर आटोपेल असं म्हणतात. रस्त्यावर उसाच्या गाड्या तुरळक झाल्या आहेत. काकूचा गुडघा बरा आहे.

सिगारचा विषय आता संपला. त्यावर आणखी काही लिहायला नको.

सुखात राहा.

तुझा,
नानाकाका


॥ श्री ॥
कोपरगाव,
२० फेब्रुवारी २०२५

चि. मधूला काकूचे अ. उ. आ.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. मी किराणा आणायला निघाले की टाकीन.

आधी माझी चूक सांगते. यांची दुसरी सिगार माझ्या कपाटात होती, तिला किड्याने भोकं पाडली. तेव्हा हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. सिगारसाठी बायकोशी अबोला, हसावं की रडावं कळेना. म्हणून उरलेल्या तिसरीजवळ मी वेखंडाची कांडी ठेवून दिली. कपड्यांत ठेवतो, पोथ्यांत ठेवतो, तशी. किडा फिरकला नाही. पुढे यांचं नाक गेलं, त्यामुळे यांना कळलंच नाही. तुला डबा देताना कांडी काढून घेतली, पण वास कसा काढून घेणार?

तुझ्या पत्रात वेखंडाचं नावसुद्धा नव्हतं. तुला वास आला नाही, असं व्हायचं नाही. मला सांभाळून घेतलंस हे कळलं आणि माझे डोळे भरले. तुझे आभार मानायलाच बसले होते.

पण मधू, यांचं काही ठीक नाही. तुझं पत्र खिशात घेऊन गच्चीवर जातात, वाचतात, डोळे मिटून बसतात आणि तसेच खाली येतात. जेवणात लक्ष नाही. परवा खोदून विचारलं तर एवढंच म्हणाले, "आता तेही राहिलं नाही." काय राहिलं नाही, ते सांगत नाहीत. तुला काही समजतं का? मी तर घाबरले आहे.

जेवत जा वेळेवर. काकूला विसरू नकोस.

तुझी,
शोभाकाकू


॥ श्री ॥
सावेडी, अहिल्यानगर,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. नानाकाका यांस,
मधुवंतीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

माझं दहा तारखेचं पत्र खोटं होतं. कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं, म्हणून हेच आधी लिहिलं.

हे काकूला फोन करून, तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, आणि मला वाईट वाटेल म्हणून या वेळी काही गाळू नकोस.

रेश्माच्या घरामागे चिंचेखाली बसून डबा उघडला, तो पहिला वास आला वेखंडाचा. काकूने किड्यासाठी सिगारजवळ कांडी ठेवली होती. मी नाक दूर नेलं, पुन्हा जवळ आणलं, तरी वेखंडच. त्याच्या खाली तंबाखू होती, उन्हात तापलेल्या कडब्यासारखी गोडसर. तुम्ही सांगूनसुद्धा पेटवताना घाई झाली आणि पहिले झुरके करपलेल्या भाकरीसारखे कडू लागले. थोडं थांबल्यावर कडूपणा खाली बसला. मग मोदकाचं सारण तळाला लागावं तशी चव आली, त्यात जायफळ. आणि सगळ्यावर वेखंड. दोन मोठी माणसं गंभीर बोलत असावीत आणि मधे लहान मूल येऊन उभं राहावं, तसं ते सारखं मधे येत होतं.

रेश्माची आई छबूबाई शेजारी बसून मिश्री लावत होत्या. धूर त्यांच्याकडे गेला तेव्हा म्हणाल्या, "बाळंतिनीच्या खोलीत कुनी इडी वढतंय जनू." सगळे हसले. त्यांनी हेही विचारलं, की एवढं करून धूर थुकूनच टाकायचा, तर आमच्या मिश्रीनं काय पाप केलंय, तिला आगपेटी बी लागत न्हाई. मला हसू आलं नाही. मला वाटत होतं, एवढी नावाजलेली वस्तू माझ्या हातात आली आणि माझ्या नाकाला सापडलं काय, तर वेखंड आणि करपलेलं सारण.

काकवीचं असं: घोट घेऊन लगेच झुरका घेतला की काकवी सगळं झाकून टाकते, धूर पांचट लागतो. पण घोट गिळून, गोडपणा जिभेवरून उतरेपर्यंत थांबलं, तर काकवीला जी कढईची जळकी कड असते ती धुराच्या कडेला बरोबर लागते. म्हणजे तुमचा तर्क अर्धा खरा. बरोबर घ्यायची नाही, मागोमाग घ्यायची. अर्ध्याच्या पुढे मी ओढू शकले नाही. चक्कर आली आणि रेश्माने मला लिंबू चाटवलं.

आता मी खोटं का लिहिलं ते. काकूचं नाव येऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. घरी येऊन मोबाईलवर अशा सिगारविषयी लोक काय लिहितात ते वाचलं. देवदार, कोको, चामडं. मला माझ्या वहीतल्या कच्च्या टिपणाची लाज वाटली. बाळंतिणीची खोली आणि करपलेलं सारण हे क्युबाच्या सिगारविषयी कुणी लिहितं का? वाटलं, नगरबाहेर फारसं न गेलेलं नाक आहे हे, याचं खरं कशाला सांगायचं. म्हणून तिथले शब्द उचलून तुम्हाला पाठवले. देवदार मी आयुष्यात हुंगलेला नाही.

रोज प्रयोगशाळेत नमुन्यांच्या अहवालावर मी "प्रत्यक्ष तपासले" या शब्दांखाली सही करते. त्या सोमवारी सही करताना पेन थांबलं, पण पत्र टाकताना हात थांबला नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारू शकला असता. मला विचारलंत, कारण माझं नाक तुम्ही घडवलंत. तेच मी तुमच्यापासून लपवलं. याची लाज शब्दांत मावणारी नाही, म्हणून क्षमाही मागवत नाही.

काकूला बोलू नका. तिची चूक किड्यापुरती होती, माझी तशी नव्हती.

उरलेली अर्धी सिगार डब्यात आहे. काय करू ते कळवा.

लोभाला मी पात्र असेन तेवढाच ठेवा.

आपली,
मधुवंती


॥ श्री ॥
कोपरगाव,
६ मार्च २०२५

चि. मधुवंती हिस नानाकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू केलंस ते बरोबर नव्हतं. "असू दे" म्हणून मी ते पुसणार नाही. पुसलं तर तुलाच चैन पडायची नाही. कारखान्याच्या लॅबमध्ये असतो तर पहिल्या पत्रावर लाल पेन्सिलीने "नमुना पुन्हा घ्यावा" असं लिहून परत केलं असतं. मी न सांगता तू पुन्हा घेतलास, तेव्हा ते प्रकरण इथे मिटलं.

आता माझं. सगळा वास नाकासमोर उभा राहिला, असं मी तुला लिहिलं होतं. तेही खोटं होतं. तुझं पत्र घेऊन मी गच्चीवर बसत होतो. बदाम वाचायचो, डोळे मिटायचो, काही नाही. मिरं वाचायचो, काही नाही. नाक गेलं तेव्हा एवढं वाटलं नव्हतं, कारण वास डोक्यात शाबूत आहेत असा भरवसा होता. तुझ्या पत्रातही खोट असू शकते हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. म्हटलं पोरीने एवढं नीट लिहिलं आहे आणि आपल्याला काहीच आठवत नाही, म्हणजे आता डोकंही रिकामं झालं. हे काकूला सांगायची मला लाज वाटली, तुला तर जास्तच.

काल तुझं पत्र आलं. उभ्यानेच वाचत होतो. वेखंडाशी आलो आणि खाली बसलो. कारखान्याच्या कॉलनीतलं ते मागचं न्हाणीघर, पितळी घंगाळ, तुझं एवढंसं टाळकं, आणि काकू त्यावर वेखंडाची पूड चोळते आहे. तू किंचाळते आहेस. मी दारात उभा, नुकताच रात्रपाळीवरून आलेला, अंगाला मळीचा वास. तो मळीचासुद्धा आला. मग करपलेलं सारण आलं, जायफळ आलं. तुझ्या छबूबाईंना माझा नमस्कार सांग. त्या क्युबाच्या केमिस्टपेक्षा चोख बोलल्या.

काकूला मी बोललो नाही. उलट त्या दोन दिवसांच्या अबोल्याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, एवढी वर्षं लावलीत. मग कपाटातून ती कांडी काढून आणली, सहाणेवर उगाळली आणि माझ्या नाकाशी धरली.

वास आला नाही. पण तो कसा येतो, हे मला लख्ख आठवत होतं.

अर्धी सिगार पुन्हा पेटवू नकोस, विझलेली सिगार चांगली लागत नाही. येताना घेऊन ये. काकू म्हणते आहे, तिला हुंगून बघायची आहे.

लोभाला माप लावू नकोस, आमच्या घरी तो मोजून देत नाहीत.

तुझा,
नानाकाका